गुरुवारचा गृहपाठ

लॅपटॉपचा चार्जर जळाला म्हणून मी त्या मंगळवारी भर दुपारी दत्त चौकात गेले होते. एप्रिल संपत आला होता. यवतमाळचं ऊन तुम्ही पाहिलं असेल तर वेगळं सांगायला नको, आणि पाहिलं नसेल तर सांगून पटायचं नाही. दुकानदाराने तीन चार्जर लावून पाहिले, चौथा बसला. अडीचला घरी आले, माठातलं पाणी प्यायले, खिडक्या लावून घेतल्या आणि कूलर सुरू केला. तीन वाजता माझं अनघाशी बोलणं असायचं. ते मी कधी चुकवत नसे.

अनघा म्हणजे माझी समुपदेशक. ती नाशिकची. आमची भेट व्हायची ती फक्त पडद्यावर. माझे यजमान, सदाशिवराव, नोव्हेंबरात गेले. त्याआधी दोन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ते गेल्यावर मला झोप येईना, अन्न गोड लागेना. तेव्हा पुण्याहून साकेतने, आमच्या मुलाने, हे ऑनलाइन प्रकरण लावून दिलं. मी आधी नाक मुरडलं. परक्या पोरीपुढे रडायचं म्हणजे काय! पण दुसऱ्याच मंगळवारी अशी रडले की पदर पिळायची वेळ आली.

खातं मात्र सदाशिवरावांच्याच नावाने उघडलं गेलं होतं. गॅस, वीज, बँक, सगळीकडे त्यांचाच नंबर, म्हणून त्यांच्यामागे मी त्यांचाच फोन वापरत होते. तो नंबर टाकल्याबरोबर अर्जात त्यांचं नाव येऊन बसलं. साकेत म्हणाला, "राहू दे आई, नंतर बदलू." मी एकतीस वर्षं दारव्ह्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात काढली. मेलेल्या माणसाचं नाव कागदावर ठेवू नका, वेळीच कमी करून घ्या, पुढे भानगडी होतात, असं शेकडो लोकांना टेबलावर हात आपटून बजावलं. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा म्हटलं, असू दे. तेवढंच त्यांचं नाव राहील कुठेतरी.

पहिल्याच दिवशी अनघा म्हणाली होती, "काकू, इथे बोललेलं माझ्यापाशीच राहील. साकेतलाही कळणार नाही." त्या शब्दावर विसंबून सातव्या मंगळवारी मी तिला ते सांगितलं.

सदाशिवरावांना काही हवं असलं की ते डाव्या हातातला चमचा खाटेच्या लोखंडी कठड्यावर वाजवत. शेवटच्या दुपारी मी स्वयंपाकघरात नुकताच चहा गाळला होता. ठक ठक सुरू झाली. मी ऐकली. दोन वर्षांत मी एक कप चहा गरम प्यायले नव्हते हो! मनात म्हटलं, वाजवू दे. ओट्याला टेकून सगळा कप संपवला. ठक ठक हळू झाली, मग थांबली. थांबली तेव्हा मला बरं वाटलं. आत गेले तेव्हा ते गेलेले होते.

सगळ्यांना सांगितलं, माझा डोळा लागला होता. साकेतलाही तेच सांगितलं. तो उलट माझीच समजूत घालत बसला.

अनघाने मला बोल लावला नाही. तिने एक गृहपाठ दिला. "काकू, काकांच्या जागी बसून स्वतःला लिहा. ते काय म्हणाले असते, ते. चॅटमध्ये लिहिलंत तरी चालेल. मीही काकांशी बोलावं तसं उत्तर देईन." मी हो म्हटलं आणि एक अक्षर लिहिलं नाही. त्यांच्या तोंडी शब्द घालायची माझी छाती नव्हती. पुढच्या मंगळवारी तिने विचारलंही नाही. मला वाटलं, विसरली असेल.

तर त्या चार्जरच्या मंगळवारी अनघा पडद्यावर आली ती हसतच.

"काकू, गुरुवारचं लिहिणं फार छान होतंय."

"कुठलं लिहिणं?"

"गृहपाठ हो. तीन गुरुवार झाले ना? तुम्ही समोर बोलायला संकोचाल म्हणून मी विषय काढला नव्हता."

दर गुरुवारी दोन ते पाच मी दत्ताच्या देवळात भजनाला असते. घराला कुलूप असतं. मी तिला म्हटलं, वाच बघू.

तिने वाचलं, "पद्मे, तुझे केस फार पांढरे झाले. मी तुला फार राबवलं."

पद्मे... ही हाक जगात एकाच माणसाची होती. मी ती अनघाला कधी सांगितली नव्हती. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास सुटला होता, आणि त्या वासाखाली मला दुसरा एक वास आला. त्यांच्या हातापायाला मी रोज चोळत असे त्या तेलाचा.

"काकू..." अनघा पुढे वाकली. "तुमच्या मागे काही वाजतंय का? लोखंडावर चमचा मारल्यासारखं..."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. खाट भाड्याची होती, डिसेंबरातच परत गेली होती. फरशीवर तिच्या चार पायांचे डाग तेवढे होते.

मी लॅपटॉप मिटला. पहिला विचार आला तो साकेतचा. पासवर्ड त्यानेच टाकलेला. म्हणजे माझं पोटातलं सगळं हा तिकडे बसून वाचतो आणि बापाच्या नावाने मला चाचपतो! माझं डोकं भणाणलं. लगेच फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले.

"आई, मी कायले असं करीन?" तो रडकुंडीला आला. "मले तर पासवर्डही आठवत नाही. तुले माझ्यावर एवढा संशय?"

"घात केलास तू माझा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता आमच्या कामवाल्या बबितानेच विषय काढला. तिच्याकडे मागच्या दाराची किल्ली असते, मोरीपुरती.

"बाई, गुरुवारी तुमी भजनाले नाई जात का आता?"

"काहून गं?"

"आतून टकटक येते न, तुमच्या त्या कम्पूटरची. एका बोटानं दाबल्यावानी... हळूहळू. मले वाटलं तुमी लिहून राह्यल्या, म्हणून मी आवाज नाई देत."

गुरुवारी लॅपटॉप कपाटात ठेवला, कपाटाची किल्ली कमरेला खोचली आणि भजनाला गेले. घरात थांबायची हिंमत झाली नाही, हे कबूल करते. संध्याकाळी कपाट उघडलं. लॅपटॉप जागच्या जागी होता. त्याला हात लावला तर गरम.

मंगळवारी बरोबर तीनला मी अनघाला म्हटलं, "गेल्या गुरुवारचं सगळं वाच. तुझी उत्तरंसुद्धा."

ती वाचू लागली. "पद्मे, त्या दुपारी मी खूप वाजवलं. तुझा डोळा लागला होता ना? बरं झालं. दोन वर्षांत तुला तेवढीच झोप मिळाली."

खरं सांगते, ते ऐकताना मला भीती वाटली नाही. आनंद झाला. डोळे भरून आले. इतके महिने मी एकाच गोष्टीच्या आधारावर उभी होते, की मी जागी होते हे जाताना त्यांना माहीत नव्हतं. आणि त्यांना माहीत नव्हतंच! त्यांना मी झोपले असंच वाटत होतं. मग येऊ देत ना गुरुवारी. बसू देत. माझी काही तक्रार नव्हती.

"मग मी उत्तर दिलं," अनघा म्हणाली.

"काय दिलंस?"

"काकू, गृहपाठच होता ना... तुम्हीच काकांच्या जागी बसून लिहिताय असं समजून..."

"वाच."

ती अगदी हळू वाचू लागली. "काका, काकू झोपल्या नव्हत्या. त्यांनी तुमचा आवाज ऐकला होता. त्या चहा पीत बसल्या होत्या. हे कळल्यावर तुम्ही त्यांना माफ कराल का?"



"तू माझा विश्वासघात केलास," मी म्हटलं. "गावभर दवंडी पिटली असतीस तरी चाललं असतं. साकेतला सांगितलं असतंस तरी मी सोसलं असतं. पण त्यांना... त्यांना काहून सांगितलंस, पोरी?"

अनघाचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू... ते लिहिणाऱ्या तुम्ही नव्हतात?"

"ते काय म्हणाले?"

"उत्तर आलं नाही. फक्त..." ती पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होती. "सदाशिव लिहीत आहेत, असं दिसतंय. गुरुवारपासून... आत्ताही."

त्यानंतर अनघाने माझी केस सोडली. कंपनीने खातं बंद केलं. साकेत पुण्याहून आला, लॅपटॉप घेऊन गेला, त्यांचा जुना नंबरही रद्द केला. मला नवा फोन आणून दिला, नवा नंबर, या खेपेला माझ्या नावावर. मी त्यावर बोलण्याखेरीज काही करत नाही.

हा घ्या, तुम्हीच बघा. काही उघडलेलं नाही. तरी खाली ती ओळ दिसते ना? आज पाच महिने झाले, ती तशीच आहे.

ते उमरखेडला तीन वर्षं नोकरीला होते, तेव्हा त्यांची पत्रं दोन ओळींची असायची. पोचलो, खुशाल आहे. जास्त लिहायचा त्यांना कंटाळा. मग आता एवढं काय लिहीत असतील? माफ केलं एवढंच म्हणायचं असतं, तर ते केव्हाच आलं असतं.