आईचं रबरी आतडं

घराच्या तळमजल्यावर कार्यशाळा होती, आणि तिथलं नवरा-बायकोचं भांडण रोज सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचं. भांडण तात्त्विक होतं. पोटात घालायच्या दुर्बिणीच्या टोकाशी एक इवलासा कॅमेरा असतो आणि त्याच्या शेजारी उजेडाच्या काचेच्या खिडक्या. उजेडाचं खातं बायकोकडे, सीलबंदीचं नवऱ्याकडे. तिला खिडक्या हव्यात; ह्याला भोक म्हटलं की घाम फुटायचा. मित्र त्याला 'बूच' म्हणत. तो रागवत नसे. जगात बुचाइतकं प्रामाणिक काम दुसरं कुणी करत नाही, असं त्याचं मत होतं.

"तुझी एकेक खिडकी म्हणजे माझ्या डोक्याला एकेक गळती," तो म्हणायचा. "चार वेळा औषधी पाण्यात बुडवून धुतलं की गोंद सुटतो, ओल आत शिरते, आणि चित्र गढूळ."

"मग आंधळंच कर ना टोक. गळायचं नाही आणि दिसायचंही नाही. अगदी तुझ्यासारखं."

एरवी हे असंच म्हातारपणापर्यंत चाललं असतं. पण वरच्या मजल्यावर बूचची आई दिवसेंदिवस पांढरी पडत चालली होती. पोटात कुठेतरी रक्त झिरपत होतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा दुर्बीण घालून पाहिली, जागा सापडली नाही. आतड्याला घड्या असतात, आणि समोरून पडणाऱ्या उजेडात घडीच्या पाठीमागे सावली राहते. जन्मभर लोकांच्या गळत्या बुजवलेल्या माणसाला स्वतःच्या आईची गळती सापडू नये, हा विनोद त्याला अजिबात आवडला नव्हता.

मग एका दुपारी बायकोने खिडक्याच काढून टाकल्या.

तिने टोकाची टोपी एकसंध पारदर्शक ओतली. उजेड टोपीच्या कडेकडेने खेळवला, म्हणजे तो चहूबाजूंनी पसरून घडीच्या मागेही वळेल. मधल्या कॅमेऱ्याभोवती काळं कडं बसवलं, आपलाच उजेड आपल्याच डोळ्यात जाऊ नये म्हणून. खिडकी नाही, गोंद नाही. सांधा काय तो एक, मागच्या बाजूला, वेगळ्या कड्याखाली दाबून बसवलेला.

बूचने टोकात हवा भरली, ते पाण्यात बुडवलं आणि बुडबुड्याची वाट पाहत बसला. गळतीच्या बुडबुड्याची वाट पाहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चहा गार झाला. बुडबुडा आला नाही.

"बरंय," तो म्हणाला.

बायकोने मान वर करून पाहिलं. लग्नानंतर हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला होता.

चाचणीसाठी तिने आईच्या स्कॅनवरून साचा करून एक रबरी आतडं ओतलं होतं. रंग फिकट बदामी, घडी न घडी हुबेहूब. टोक आत सरकवलं आणि दोघं पडद्याकडे बघत राहिली. असला उजेड त्यांनी कधी पाहिला नव्हता. मऊ, सगळीकडे सारखा, सावलीला उभं राहायला जागा न ठेवणारा. बूचला अभिमानाने भरून आलं, आणि नेमका तेव्हाच डाव्या वळणावरच्या घडीमागे त्याला लाल ठिपका दिसला.

ठिपक्यातून काहीतरी हळूहळू ओघळत होतं.

"रंग सांडलास का ओतताना?"

"लाल रंग घरात आहे का आपल्या?"

रबरी आतड्याची नळी धुतली, पुसली, पुन्हा पाहिलं. ठिपका तिथेच. बोट घालून चाचपलं तर बोट कोरडं.

तेवढ्यात वरून आईची हाक आली. "अरे, आज पोटात काय गार गार फिरतंय रे?"

बायकोने टोक अलगद बाहेर काढलं.

रुग्णांवर वापरायची परवानगी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तेच टोक आईच्या पोटात घातलं. बायको पडद्याशेजारी उभी होती. "डाव्या वळणावर जरा थांबता का? घडीच्या मागे बघा," ती म्हणाली. ठिपका तिथे होता. डॉक्टरीणबाईंनी तो तिथल्या तिथे जाळून बंद केला.

"काय टोक केलंय तुम्ही!" त्या म्हणाल्या. "पण जागा कशी कळली?"

"अंदाज," बायको म्हणाली. इतकं धडधडीत खोटं तिने कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आईच्या गालावर रंग आला. ती सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागली, म्हणजे तब्येत पूर्ण सुधारली. खाली बूचने रबरी नळीत डोकावून पाहिलं. ठिपक्याच्या जागी पांढरा व्रण होता. त्याने नळी स्वच्छ पुसली आणि कार्यशाळेच्या शिस्तीप्रमाणे, धूळ जाऊ नये म्हणून, दोन्ही टोकांना घट्ट बुचं बसवून काचेच्या कपाटात ठेवली.

हातची सवय. दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी आईचं पोट फुगलं. तिसऱ्या दिवशी ते नगाऱ्यासारखं ताठ झालं. तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. ना वर ढेकर, ना खाली वारा. एक्स-रेच्या फोटोत कुठेही अडथळा नाही.

"असंच राहिलं तर आतडं फाटेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट उघडावं लागेल. त्याआधी एकदा तुमच्या टोकाने बघते. घेऊन या, पळा."

बूच धावत कार्यशाळेत आला. टोक कपाटात होतं. त्याने दार उघडलं.

टोकाच्या शेजारी ती नळी होती.

नळी टम्म फुगली होती. बदामी रबर ताणून ताणून पातळ झालं होतं, आणि आत काहीतरी सावकाश सरकत होतं.

दोन्ही बुचं जागच्या जागी होती. घट्ट. त्याच्या हातची.

जन्मात कधी न केलेलं काम त्याने केलं. चांगलं बसलेलं बूच उपटलं. मग दुसरं.

ऊबदार हवेचा एक लांब झोत त्याच्या मनगटावरून गेला. नळी सैल पडली.

फोन वाजला.

"अरे, आईंचं पोट उतरलं!" बायको रडत होती की हसत होती, कळेना. "एकदम. भूक लागली म्हणतायत. तू काय केलंस?"

"काही नाही," तो म्हणाला. "बुचं काढली."



तसली टोकं आता अनेक दवाखान्यांत जातात, आणि अजून एकही गळलेलं नाही. रबरी नळी कपाटात मऊ कापडावर असते, दोन्ही टोकं मोकळी. तिला हात लावायची कुणाला परवानगी नाही. आईला यातलं कुणी काही सांगितलेलं नाही.

तरी रोज सकाळी ती जिना उतरून खाली येते आणि कपाटासमोर उभी राहते. काचेला आतून वाफ धरलेली असते. आई बाहेरून हात फिरवते.

आतली वाफ पुसली जाते.