अख्खा फोल्डर

हातात लॅपटॉप, काखेत वायरी, म्हणून तिने मशीनरूमचं दार पाठीने ढकललं... आणि आत उभ्या असलेल्या माणसाच्या चहावर जाऊन आदळली. चहा सांडला त्याच्या शर्टवर, ओरडली मात्र तीच.

"इथे चहा आणायचा नसतो. पाटी लावलीय दारावर. वाचता येतं ना?"

"येतं की. पण पाटी बाहेरच्या बाजूला आहे, आणि मी आत."

ऑफिसात तिला सगळे मिरची म्हणत. यंत्रं सांभाळणं हे तिचं काम, आणि नाकावर माशी बसू न देणं हा स्वभाव. हा दुसऱ्या कंपनीने काही महिन्यांसाठी धाडलेला प्रोग्रॅमर. आल्या दिवशीच त्याचं नाव पाहुणा पडलं होतं. पाहुण्याचं काम अडलं, म्हणून साहेबांनी तिला पाठवलं होतं.

"काल चालत होतं," तो शर्ट झटकत म्हणाला.

"सगळे हेच म्हणतात. सरका."

त्याचा प्रोग्रॅम कंटेनरात होता. कंटेनर म्हणजे एकाच यंत्रात आडोसा घालून केलेली खोली. आतल्याला वाटतं, हेच अख्खं घर. बाहेर डेटाबेस, म्हणजे नोंदींचं कोठार, बसलेला, आणि त्याच्याशी बोलायला सॉकेट, म्हणजे मधली खिडकीच म्हणा. फोल्डरात ती फाइलसारखी दिसते. आताही आतून नीट दिसत होती. हाक मारली की मात्र पडद्यावर एकच ओळ यायची – जोडणी नाकारली.

"दिसतेय, मग बोलत का नाही?" पाहुणा रडकुंडीला आला होता.

"सकाळी डेटाबेस बंद करून परत चालू केला मी. तो उठला की जुनी खिडकी मोडतो आणि त्याच नावाची नवी बसवतो. तुम्ही कंटेनरला नुसती खिडकी दिलीत, सुटी. आत दिसतेय ती जुनी. तिच्यापलीकडे कुत्रंसुद्धा नाही."

"मग?"

"ती ज्या फोल्डरात राहते ना, तो अख्खा फोल्डर आत द्यायचा. मग कितीदा का बदलेना, नवी झाली की नवीच दिसते."

तिने एक ओळ बदलली, कंटेनर नव्याने चालू केला. जोडलं! पण तो पडद्याकडे बघतच नव्हता.

"नाक वर करून बोलता... पण शिकवता छान."

"वरच असतं माझं नाक. खाली बघायला वेळ नाही."

"मग वरूनच बघत जा, अधूनमधून..."

मेली हसलीच! एरवी साहेबांनासुद्धा न हसणारी, पाहुण्याला हसली.

मशीनरूममध्ये हाडं गोठवणारा गारठा. एके दिवशी तिच्या खुर्चीवर राखाडी स्वेटर येऊन बसला. कुणाचा, कुणी विचारलं नाही. "बाह्या केवढ्या लांब! माणूस आहे की माकड?" म्हणत तिने तो घातला, आणि परत देण्याचं नाव काढलं नाही. पंख्यांच्या घरघरीत बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून तो कानाशी वाकून बोलायचा. ऐकू आलं तरी ती म्हणायची, "काय?..." तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

मग तो म्हणाला, "रविवारी घरी ये ना. आई आहे, ताई पोरांना घेऊन येतेय. आणि बाबा तर रोज विचारतात – ती भांडखोर कधी येणार?"

"मला तू हवायस. तुझा गोतावळा नको."

"तूच शिकवलंस. अख्खा फोल्डर..."

"ते यंत्राचं. माणसांत मला आणू नकोस."

त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा मान उडवली. मग तो विचारेनासा झाला.

घरी आत्याने मटार सोलता सोलता हे सगळं तिच्याकडून ऐकलं. आईमागे हिला वाढवलं ते तिनेच.

"माणूस काय चमचा आहे, दुकानातून सुटा आणायला? त्याच्या अंगाला आईबाप, बहिणी, दुखणीखुपणी चिकटलेलीच येतात."

"आत्या, तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये कुठे? कडेनेच बोलतेय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढं ठेव ध्यानात."

काम संपलं, पाहुणा गेला. सुरुवातीला फोन यायचे. ही आपली तोऱ्यात. गरज असेल तर करील पुन्हा! हळूहळू फोन आटले. हिने कधी लावला नाही, पण स्वेटर दिवसा खुर्चीवर, रात्री उशाशी असायचा. तो जसा गेला तसाच कुठेतरी उभा आहे, चहाचा कप घेऊन, अशीच तिची समजूत.

वर्ष उलटल्यावर साहेब म्हणाले, पाहुणा आलाय, मशीनरूममध्ये आहे. तिने स्वेटर चढवला, केस सारखे केले, आणि हात रिकामे असूनही दार पाठीनेच ढकललं.

तो उभा होता. गालावरची खळीसुद्धा तीच.

"चहा कुठाय, पाहुण्या?"

"सोडला... कशा आहात तुम्ही?"

त्या तुम्हीने तिचं पाऊल अडलं. पण आता मागे फिरायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिने मान खाली घातली.

"रविवारी... घरी येऊ? सगळ्यांना भेटायला. चुकलंच माझं. मला तू हवायस, आणि तुझे सगळेच..."

पंखे घरघरत राहिले. तो कानाशी वाकला नाही.

"बाबा गेले. शेवटपर्यंत विचारत होते, ती भांडखोर कुठाय."

"मला कुणी सांगितलं नाही रे!"

"सांगणार कोण? आई तुम्हाला ओळखत नाही, ताई ओळखत नाही. मी फोन केला होता दवाखान्यातून. तुम्ही म्हणालात – कामात आहे, थोडक्यात सांग. पण थोडक्यात सांगण्यासारखं नव्हतं ते."

तिला आठवलं. काम कसलं, तोरा होता तो.

"ताईची मैत्रीण रोज डबा आणायची. बाबांचे पाय दाबायची, आईला झोपवायची..." त्याने खळी पाडून हसायचा प्रयत्न केला. "पुढच्या महिन्यात आमचं लग्न आहे. पत्रिका द्यायलाच आलोय. या तुम्ही."

तेच डोळे, तोच आवाज, समोर हातभर अंतरावर. ती हाक मारत होती, पण तिच्यासाठी पलीकडे कुणी उरलं नव्हतं.

तिने लांब बाह्या वर सारल्या. "सरका. काय अडलंय, बघते."

"अडलं काही नाही," तो हळू म्हणाला. "हल्ली मी अख्खा फोल्डरच देतो."

घरी आत्याने दारातच तिचं तोंड पाहिलं. एवढी बोलकी बाई, पण आधी पाणी पुढे केलं आणि मग विचारलं, "काय म्हणाला गं?"

तिने स्वेटर उतरवला, बाह्या आत दुमडून घडी घातली.

"काही अडलं नाही म्हणाला, आत्या."