लिंबाने अडवलेली वीज

मंगळावर लग्नाची वऱ्हाडं जायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. साताऱ्याच्या आप्पांकडे एक पेट्रोलची गाडी होती. इतकी म्हातारी, की तिचा हॉर्न वाजायच्या आधी खोकायचा. तिला एक कोडं जडलं होतं. बॅटरी नवी, इंजिन धडधाकट, तरी बॅटरी रोज रिकामी. वीज जाते कुठे?

"अल्टरनेटर मेला," घरातला यंत्रमानव टणक्या म्हणाला. "संध्याकाळी भंगारवाला येतोय."

आप्पांनी बॉनेटवरून हात फिरवला. जन्मभर विजेवर संशोधन केलेला माणूस, पण याच गाडीतून त्यांनी नवरी घरी आणली होती.

"अल्टरनेटर म्हणजे काय हो आप्पा?" नात कस्तुरीने विचारलं.

"अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारी वीजगिरणी). आत चुंबक गरगरतो, भोवतीच्या तारांत वीज जागी होते आणि जाड तारेतून बॅटरीत जाते."

"नुसतं फिरून?"

"नुसतं फिरून. धरणावर तेच, पवनचक्कीत तेच."

कस्तुरीच्या अंगावर काटा आला. मग ती टणक्याकडे वळली. "तू मोजलंस कुठे?"

"बॅटरीवर. इंजिन चालू असताना बारा व्होल्ट (विजेचा दाब). चौदा हवेत."

"म्हणजे नळाला पाणी नाही, तर विहीर आटली म्हणायचं? अरे, विहिरीवर जाऊन बघ की."

आप्पांनी मीटर अल्टरनेटरच्याच बोल्टला टेकवला. साडेचौदा.

"गिरणी जिवंत आहे गं," आप्पा हळूच म्हणाले. "वाट अडलीय."

इंजिन बंद केलं, बॅटरीची तार सोडवली. जाड तारेवरून बोट फिरवत कस्तुरी जोडापाशी थांबली. तांबं हिरवंगार कळकलेलं. आणि बरोबर वर लोंबतंय काय, तर लिंबू-मिरची.

"हे कुणी बांधलं?"

आप्पा चष्मा पुसायला लागले. "दृष्ट लागू नये म्हणून..."

"तुम्ही? शास्त्रज्ञ?"

"म्हणून तर बॉनेटच्या आत बांधलं."

लिंबाचा आंबट रस थेंब थेंब गळला होता. त्या हिरव्या थरातून वीज पुढे सरकेना. पॉलिश पेपरने जोड घासला, बोल्ट आवळला, तार जोडली. इंजिन गुरगुरलं. बॅटरीवर चौदा! दिवे असे लख्ख पेटले, की शेजारच्या सूर्यफुलांनी माना वळवल्या.

भंगारवाला आला आणि लिंबू सरबत पिऊन परत गेला.

कस्तुरी बॉनेटवर टेकून विचारात पडली होती. "आप्पा, पृथ्वीपण चुंबकच ना? आणि फिरतेपण. मग तिच्याभोवती तार लावली तर?"

आप्पा हसले नाहीत. "तिच्याबरोबर फिरणारी तार चालायची नाही. वर आभाळात, न फिरता, धरायला लागेल."

"कोण धरणार?"

आप्पांनी गाडीचं दार उघडलं. "बस आत. आधी पृथ्वीला फेरी मारून तार किती लांब लागेल ते बघू."