'टिटवी'च्या इंजिनात पाणी शिरलं कुठून?

प्लग काढून धनंजयमामांनी स्टार्टर दाबला, तशी इंजिनातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि सुरभीचा कुर्ता भिजला. बॅटरीत तेवढाच जीव होता. एकदा घरघरून इंजिन गप्प झालं.

"पुन्हा पाणी," मामा म्हणाले. त्यांचा आवाज सुरभीला अजिबात आवडला नाही. मामा चिडले की हळू बोलत.

नौदलातून निवृत्त झाल्यावर मामांनी हिंगणीजवळच्या तलावात ही शिडाची होडी आणली होती, 'टिटवी'. दिवाळीच्या सुट्टीत आसपासच्या मुलांना ते शीड चालवायला शिकवणार होते. वारा पडला तर काठाला परतता यावं म्हणून होडीच्या पोटात पेट्रोलचं छोटं इंजिन होतं. ते धड नसेल तर एकही मूल पाण्यात न्यायचं नाही, हा मामांचा नियम. आणि मुलं उद्याच येणार होती. सुरभी तर त्यासाठीच नालवाडीहून मामांकडे राहायला आली होती.

होडीची राखण मामांचे मित्र प्रभाकरराव करत. काठावरच्या खोलीत ते राहत. त्यांनी सगळ्यांसमोर ताराचंदचं नाव घेतलं. ताराचंद तलावात मासे धरायचा. मागे 'टिटवी'च्या पाण्याखालच्या पंख्यात अडकून त्याचं जाळं फाटलं होतं आणि त्यावरून मोठं भांडण झालं होतं. त्याला भल्या पहाटे होडीला लटकलेलं आपण या डोळ्यांनी पाहिलंय, असं प्रभाकरराव छातीठोकपणे सांगत होते.

मामांनी दुपारभर खपून इंजिन कोरडं केलं, तेल बदललं, चार्ज केलेली बॅटरी बसवली. संध्याकाळी इंजिन झकास चाललं. मग पेट्रोलची तोटी बंद करून ते म्हणाले, "उद्या पुन्हा पाणी निघालं, तर मी ताराचंदला घेऊन थेट पोलीस ठाण्यात जाणार."

घरी येताना मामांचा मुलगा साहिल रागाने धुमसत होता. "त्यानंच टाकीत पाणी ओतलं असंल. त्याले सोडाचं नाई."

सुरभीलाही ताराचंदचाच संशय येत होता. पण निघताना तिने टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं होतं. पेट्रोलमध्ये पाणी असलं तर ते तळाशी बसतं, हे तिला ठाऊक होतं. जेवणं झाल्यावर तिने बाटली उजेडात धरली. तळाशी पाण्याचा थेंबही नव्हता.

"मग दुसरीकडून ओतलं असंल," साहिल म्हणाला.

"असेल. पण बॅटरी काऊन उतरली?" मामांकडे आली की सुरभीच्या तोंडीही इथली बोली येई. "मागच्या वेळीही उतरली होती. पाणी ओतणाऱ्याला बॅटरी कशाला लागेल?"

साहिलची धाकटी बहीण खुशी तेवढ्यात म्हणाली, आपण सकाळी लपून बघूया ना. मामींना फिरायला जातो असं सांगायचं ठरलं.

उजाडता उजाडता तिघं काठावरच्या बेशरमाच्या झुडपांत दबा धरून बसली. पाण्यावर धुकं होतं. थोड्याच वेळात त्या धुक्यातून एक डोंगा अलगद पुढे आला आणि 'टिटवी'ला जाऊन चिकटला. ताराचंद! साहिलने सुरभीचा दंड इतका घट्ट धरला, की तिला ओरडावंसं वाटलं. ताराचंदने इकडेतिकडे पाहिलं, वाकून 'टिटवी'च्या कडेला हात घातला. म्हणजे प्रभाकररावांचं खरंच होतं तर!

पण ताराचंदचा हात होडीत गेला नाही. नांगराच्या दोरीत अडकलेलं जाळं त्याने सोडवलं, ते चाचपून पाहिलं आणि तो आल्या वाटेने निघून गेला.

आता निघावं असं साहिल म्हणत होता, तोच खोलीचं दार वाजलं. प्रभाकरराव दोन पाहुण्यांना घेऊन आले. बघा, आपली होडी कशी पळते, असं ऐटीत सांगत त्यांनी स्टार्टर दाबला. घर्र, घर्र. इंजिन सुरू होईना. ते दाबतच राहिले. आवाज बारीक होत होत पार बसला. पाहुणे हसत निघून गेले, आणि प्रभाकररावांनी होडीवरचं कापड घाईघाईने पहिल्यासारखं ओढून घेतलं.

"पण त्यांनी पाणी कुठं ओतलं?" खुशीने विचारलं.

सुरभी होडीच्या मागच्या नळीकडे टक लावून पाहत होती. थंड राहण्यासाठी इंजिन पंपाने तलावाचं पाणी आत ओढायचं, आणि चालू असताना ते पाणी धुरासोबत एका डब्यातून याच नळीने बाहेर पडायचं. काल संध्याकाळी कसं भसाभसा पडत होतं! आज एक थेंबही पडला नव्हता. मग आत ओढलेलं पाणी गेलं कुठे?

मामा जीपने आले तेव्हा सोबत ताराचंदही होता. मामांनी त्याला निरोप धाडून बोलावलं होतं. प्लग काढले, तर पुन्हा पाणी! प्रभाकरराव लगेच म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

ताराचंदचा चेहरा उतरला. "साहेब, म्या तुमच्या होडीले हात नाई लावला. जाळं तेवढं सोडवून राह्यलो होतो."

"तो खरं बोलतोय," सुरभी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. तिचे कान तापले, पण ती थांबली नाही. "मामा, धूर जातो त्या डब्यात पंपाकडून येणारी नळी काढा. तिच्याखाली बादली ठेवा आणि जीपच्या बॅटरीवर स्टार्टर फिरवा. एवढंच करा."

मामांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि नळी काढली. स्टार्टर घरघरला. इंजिन सुरू नव्हतं, तरी बादलीत पाण्याची धार पडू लागली.

मामा एकदम सावरून बसले. "अरे! इंजिन पेटलं की धुराचा जोर हे पाणी बाहेर फेकतो. नुसता स्टार्टर फिरवत बसलं, तर डबा भरतो आणि पाणी उलटं इंजिनात शिरतं." मग त्यांचा आवाज हळू झाला. "प्रभाकर, स्टार्टर कोणी फिरवला?"

प्रभाकररावांनी आधी नकार दिला. मग त्यांची नजर साहिलकडे आणि खुशीकडे गेली. दोघं त्यांच्याकडेच बघत होती. मागेही आणि आजही पाहुण्यांना होडी दाखवायची होती, पेट्रोलची तोटी बंद असते हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं ते पुटपुटले. पाणी निघालं तेव्हा ते घाबरले आणि ताराचंदचं नाव पुढे केलं.

मामांनी आधी ताराचंदचे दोन्ही हात हातात घेतले. "चूक माझी आहे. ऐकलं ते खरं मानलं. मला माफ कर." मग त्यांनी प्रभाकररावांनाही माफी मागायला लावली, तीही काठावर जमलेल्या साऱ्या गावकऱ्यांसमोर.

तलावाच्या पाण्याची तोटी बंद करून मामांनी इंजिनातलं पाणी काढलं. डबा रिकामा केला. तेल पुन्हा बदललं, प्लग पुसून बसवले, पेट्रोलची तोटी उघडली. इंजिन पेटताच सुरभीने पाण्याची तोटी उघडली, आणि मागच्या नळीतून पाणी भसाभसा बाहेर पडू लागलं. एव्हाना शिकायला आलेल्या मुलांनी काठावर गलका सुरू केला होता.

"नौदलात एवढी वर्षं इंजिनं उघडली," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण संशय डोक्यात शिरला, की समोरची नळीसुद्धा दिसत नाही. या पोरांना दिसली."

ताराचंदने खुशीला उचलून होडीत ठेवलं. "मलेबी शिकाचं हाय हे शीड," तो सुरभीला म्हणाला.

"मग बसा ना," सुरभी म्हणाली आणि त्याच्यासाठी सरकून जागा केली.