खालचा सांगेल तेच खरं

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर कवठे महांकाळला या आणि अबोलीवहिनींना समोर बसवून विचारा. त्या बाईनं आयुष्यात साखरेच्या डब्याबद्दलसुद्धा खोटं सांगितलेलं नाही.

पौषातली अमावास्या होती. दिवेलागणीची वेळ. सांगलीच्या रस्त्याला वहिनींच्या नवऱ्याचं, वीरधवलचं, दुमजली घर आहे. त्या घराच्या गच्चीवर तो एकटाच होता...

पण आधी जयराजचं सांगायला हवं.

मिसरूड फुटल्यापासून वीरधवल आणि जयराज घरोघरी डिश बसवत फिरायचे. एक गच्चीवर, एक खाली टीव्हीपुढं. वरचा ओरडायचा, "आलं का रं?" खालचा सांगायचा, "न्हाई! डावीकडं घे... अजून... बास, आलं!"

वरच्याला चित्र दिसत नाही. खालचा सांगेल तेच खरं.

दोघांचा धंदा या एका भरवशावर उभा होता.

मग जयराजनं उडी मारली. सांगलीत ऑफिस थाटलं, उपग्रहावर जागा भाड्यानं घेतली आणि स्वतःचं चॅनेल काढलं. वाईच्या घाटावरची आरती, साताऱ्याचे बाजारभाव, बैलगाड्यांच्या शर्यती, सगळं घरोघरी दिसायला लागलं.

वीरधवलच्या अंगाचा तिळपापड झाला.

होणारच हो! डिश बसवायला हाच जायचा आणि लोक म्हणायचे, "दादा, जयराजभाऊंचं चॅनेल तेवढं पहिलं लावा." घरी आलं तर अबोलीवहिनी आरती बघत बसलेल्या.

"बंद कर ते," तो खेकसायचा.

"आवं, देवाची आरती हाय."

"देवाची न्हाई. जयराजची हाय."

रात्री गच्चीवर जाऊन हा आभाळाकडं बघायचा. "पड की रं खाली," म्हणायचा. आता सांगा, उपग्रहाला शाप देणारा माणूस कुठं बघितलाय का?

जयराजचा उपग्रह म्हातारा झाला होता, म्हणून कंपनीनं नवा सोडायचं ठरवलं. जयराजनं होतं नव्हतं ते त्या एकावर लावलं. रॉकेट झकास गेलं. गावभर पेढे वाटले. वीरधवलला आलेला पेढा त्यानं कुत्र्याला घातला.

आणि थोड्याच दिवसांत नवा उपग्रह वरच्या वर मुका झाला...

त्याचे वीज करणारे पंखच उघडले नाहीत. रस्त्यात गाडी बंद पडली तर मिस्त्री बोलावता येतो. तिथं कोण जाणार? विमा होता, पण तो कंपनीचा. भाडेकरूच्या हाती धुपाटणं. मोठ्या चॅनेलांनी दुसरीकडं जागा आधीच धरून ठेवली होती. जयराजनं धरली नव्हती.

शेवटी एका जुन्या उपग्रहावर एक जागा निघाली. पण तो आपल्या भागात नीट पोचतो का, याची खात्री कुणी देईना. "आज रात्रीपर्यंत बघून हो-नाही कळवा," असा निरोप आला.

जयराज तडक वीरधवलकडं आला.

"तुझी मोठी डिश फिरवून बघू. सिग्नल मोजायचं मीटरबिटर राहू दे, गड्या. तुझ्या डोळ्यावर माझा भरवसा हाय."

तो वर चढला. वीरधवल खाली, टीव्हीपुढच्या खुर्चीत.

"वीरू, आलं का रं?"

आलं होतं. आरशासारखं लख्ख.

वीरधवलनं ते डोळे भरून बघितलं. आणि मान वर करून ओरडला, "न्हाई!"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनीही चित्र बघितलं. पण नवऱ्याचं तोंड बघून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"आता?"

"न्हाई."

जयराज डिश फिरवत राहिला. अंधार पडल्यावर खाली उतरला, पाणी प्याला आणि वीरधवलच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "न्हाई तर न्हाई. तू तरी काय करणार?" त्यानं कंपनीला नकार कळवला.

चॅनेल बंद पडलं. महिना सरायच्या आत जयराजच्या छातीत कळ आली आणि माणूस गेला.

उपग्रहावरची ती जागा वीरधवलनं घेतली.

त्या अमावास्येला त्याच्या चॅनेलचा पहिला दिवस होता. वहिनी देवळात दिवा लावायला गेल्या होत्या. घरात चिटपाखरू नव्हतं. वीरधवलनं टीव्ही लावून ठेवला आणि डिश वळवायला वर आला. त्याला आता जयराजसारखं नाही, जयराजपेक्षा मोठं व्हायचं होतं.

सवय वाईट. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आलं का रं?"

स्वतःशीच हसला.

आणि खालून आवाज आला...

"न्हाई."

वारा पडला होता. रस्त्यावरून एक गाडी जात नव्हती. शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं.

"कोण हाय खाली?"

"डावीकडं घे, वीरू."

वीरू... त्याला वीरू म्हणणारा एकच माणूस होता.

पळायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचा हात तो. आपसूक डावीकडं गेला.

"आता?"

"न्हाई. अजून थोडं."

वहिनी देवळातून आल्या. कडी काढली. टीव्हीवर चित्र लख्ख होतं. फेटा बांधलेला वीरधवल हात जोडून नमस्कार करत होता. त्याचंच चॅनेल!

वहिनी हरखल्या. जिन्याशी धावल्या. "आवं, आलं! झ्याक आलंय!"

मागं खुर्ची करकरली...

खुर्चीत कुणी नव्हतं.

"न्हाई," खुर्चीतून कुणीतरी म्हणालं. अगदी शांतपणे.

वरून नवऱ्याचा आवाज आला. "न्हाई? बरं... अजून फिरवतो."

वहिनी ओरडत वर पळाल्या. डिशचं तोंड पार जमिनीकडं वळलं होतं. वीरधवलच्या बोटांतून रक्त येत होतं. खाली टीव्हीवर चित्र तसंच चालू होतं.

शेजारच्या चौघांनी धरून त्याला खाली आणला, टीव्हीपुढं बसवला. "बघ, बाबा. तूच हाईस."

तो बघत राहिला. "नुसत्या मुंग्या दिसत्यात," म्हणाला.

आताच्या टीव्हीवर मुंग्या येत नाहीत.

पुढं डिश काढून टाकली. आता गच्चीवर नुसता खांब आहे. तरी रोज दिवे लागले की तो वर जातो आणि खांबाला धरून फिरवत राहतो. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत लोक त्याचं चॅनेल बघतात. त्यानं ते अजून एकदाही बघितलेलं नाही.

"तवाच मी बोलायला पायजे होतं," एवढंच वहिनी म्हणतात. ती खुर्ची त्यांनी दोनदा बाहेर टाकली. दोन्ही वेळा वीरधवलनं परत आणून टीव्हीपुढं ठेवली.

"खालच्याला बसायला नको का?" तो म्हणतो.

परवा वाऱ्यानं आमची डिश हलली. मी वर गेलो, पान्यानं नट सैल केला. घरात कुणी नव्हतं. "आलं का" एवढं ओठांपर्यंत आलं होतं...

तसाच खाली उतरलो. टीव्ही तेव्हापासून बंदच आहे.