बस सोडण्याचं कारण

"मॅडम, आमची बस का सोडली तुम्ही? ड्रायव्हर काय बोलला का?"

हिंजवडीतल्या कंपनीच्या सायकल स्टँडवर अवनी घाम पुसत उभी होती. समोरचा उंच, सावळा तरुण हातात तिचा बस-पास रद्द करण्याचा अर्ज घेऊन अगदी कळवळून विचारत होता. हा साईनाथ. घरच्या शेतावर आयटी पार्क उभं राहिल्यावर त्यानं चार बस घेतल्या होत्या, त्यातली एक नारायण पेठेतून कंपनीत यायची.

"कारणाच्या रकान्यात लिहिलंय की. वाचता येतं ना?" अवनी म्हणाली. पेठेत जन्मलेल्या मुलीकडून याहून गोड उत्तराची अपेक्षा कुणी करूही नये.

साईनाथनं वाचलं, "पीसीओडी आहे. डॉक्टरांनी रोज घाम येईल असा व्यायाम सांगितलाय. तुमच्या बसमध्ये एसी आहे." त्यानं मान वर केली. "म्हंजे... तक्रार नाय?"

"एसीबद्दल आहे," असं म्हणून ती हसू दाबत निघून गेली.

असं उघड लिहायचा धीर काही एका दिवसात आला नव्हता. वय अठ्ठावीस, पाळी तीन-तीन महिने पत्ता नाही, हनुवटीवर हट्टी केस. फेब्रुवारीत एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. "आत्ताच कशाला सांगायचं?" म्हणून आईनं तिला गप्प बसवलं आणि मुलाकडच्यांना ते बाहेरून कळलं. पत्रिका जुळली, रिपोर्ट जुळला नाही. नकाराचं दुःख झालंच, पण आपण लपवलं याची लाज तिला जास्त वाटली. पुन्हा लपवायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं. डॉक्टर म्हणाल्या, "गोळ्या लागतील तेव्हा देऊ, पण आधी व्यायाम. आणि वजनकाट्याकडे बघत बसू नका." मग तिनं सायकल काढली.

स्टँडवरच्या त्या भेटीनंतरच्या सोमवारपासून नारायण पेठेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून खुद्द साईनाथ दिसू लागला. नेहमीच्या ड्रायव्हरला म्हणे दुसरा रूट आवडत होता... भूमकर चौकात बस अडकायची, अवनी कडेनं सायकल काढायची आणि नेमकी खिडकी उघडायची.

"मॅडम, शीट रिकामी हाय तुमची."

"बॅग ठेवा तिच्यावर."

"बॅग बोलत नाय हो."

"मग तुमचा प्रवास शांततेत होईल."

श्रावणात भुरभुर सुरू असताना तो म्हणाला, "पाऊस हाय, या की वर."

"विरघळायला मी काय साखरेची आहे?"

"आता... नाय म्हटलं तर खोटं, हो म्हटलं तर मार." सगळी बस हसली. अवनी लाल झाली, आणि तो लालपणा व्यायामाचा नव्हता.

सायकल सुरू करून चार महिने झाले तेव्हा, कंपनीबाहेरच्या टपरीवर चहा घेताना साईनाथ कौतुकानं म्हणाला, "बारीक झालात."

"एक किलो. फक्त," ती फटकन म्हणाली. "पण गणेशखिंडीचा चढ आता उतरून ढकलत नाही मी. आणि तीन महिने पाळी वेळेवर आलीय."

त्यानं मान खाली घातली नाही, इकडे-तिकडेही बघितलं नाही. "मग भारीच की," एवढंच म्हणाला. त्या क्षणी अवनी त्याच्या प्रेमात पडली. पार बुडाली म्हटलं तरी चालेल.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्याच टपरीवर तो लाजत म्हणाला, "आईला सांगितलं तुमच्याबद्दल. हो म्हणली."

तिनं चहाचा ग्लास ओठांपाशीच थांबवला. "काय सांगितलंत?"

"शिकलेली हाय, नोकरी हाय... सायकलचा नाद हाय."

"नाद?"

"ते बाकीचं... आत्ताच कशाला सांगायचं? म्हातारी घाबरली असती."

अवनीनं ग्लास खाली ठेवला. "साईनाथ, तुम्ही मला फार आवडता. तरीही नाही. मूल होईल, उशिरा होईल, कदाचित होणारही नाही. हे माहीत असलेल्या घरातच मी येईन. चार महिने घाम गाळून जे कमावलंय, ते नाद म्हणून लपवून आणणार नाही."

चार दिवस बसवर जुना ड्रायव्हर होता. गणेशखिंडीच्या चढावर अवनी ढसाढसा रडली, पण सायकलवरून उतरली नाही.

पाचव्या दिवशी चौकात साईनाथची बस उभी होती. अवनीच्या सीटवर एक नऊवारीतल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी खिडकी सरकवली.

"तू अवनी व्हय? मी द्वारका, ह्याची आई. ह्यानं समदं सांगितलं मला."

अवनीनं पाय टेकवला. मान ताठ होती. "मग काय म्हणता?"

"माझी बी चार-चार महिनं यायची न्हाई. ह्यो व्हायच्या आधी आठ वर्सं वांझ म्हनून घेतलं. कुनाशी बोलले न्हाई, डॉक्टर बी पाह्यला न्हाई. तू बोललीस, बाई." द्वारकाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "रविवारी घरी ये. आन् बसनं नगं येऊ. सायकलीवर ये. गावाला बघू दे, माझी सून कशी येती ती."

अवनीला हसू आणि रडू एकदमच आलं. "येते," ती म्हणाली.

मागे हॉर्न वाजायला लागले. साईनाथ खिडकीतून वाकला. "मॅडम... मग आता मी विचारू का?"

"आईंनी विचारलं, मी हो म्हणाले. तुम्ही बस चालवा," अवनी म्हणाली आणि तिनं पायडल मारलं.