मनकर्णाबाईंची पुडी

"माझ्या औषधानं माझी बहीण गेली का, एवढंच मला सांगा," अनंतराव म्हणाले. "उत्तर होय असेल तर मी हे काम कायमचं बंद करीन."

औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत खाजगी गुप्तहेर अंबिका देवळाणकर यांची कचेरी होती. शेजारच्या खुर्चीत त्यांचे आतेभाऊ मुकुंद बसले होते. मुकुंदांना कोडी फारशी सुटत नसत; पण ते सोबत असले की माणसं मोकळेपणानं बोलत.

अनंतराव वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मधुमेहानं पत्नीचा आधी पाय गेला, मग ती गेली. तेव्हापासून म्हैसमाळच्या डोंगरातली गुडमारची वेल हेच त्यांचं आयुष्य झालं होतं. तिच्या पानांतलं नेमकं कोणतं द्रव्य रक्तातली साखर उतरवतं, हे त्यांना शोधायचं होतं. उंदरांवरचे प्रयोग संपवून रीतसर परवानगीनं आता काही रुग्णांना ते पुड्या देत होते. डॉक्टरांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या.

"निम्म्या पुड्या खऱ्या, निम्म्या खोट्या," अनंतराव म्हणाले. "खोट्या पुडीत दुसऱ्या निरुपद्रवी पाल्याची पूड. दिसायला सारखी, कडूही तितकीच. कोणाला कोणती, हे फक्त माझा विद्यार्थी कारभारी याला ठाऊक. दर पंधरवड्याला सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायचं. माझी बहीण मनकर्णा त्यांतलीच; तिचे आकडे फार सुंदर येत होते. आणि गेल्या चाचणीच्या दिवशी ती पहाटे उठलीच नाही. साखर एकदम खाली गेली, असं डॉक्टर म्हणाले."

"कारभारी काय म्हणतो?"

"मनकर्णाआत्यांना खोटी पुडी होती, म्हणतो. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. की पुड्यांची अदलाबदल झाली? माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही, बाई."

जवळच खडकेश्वरला अनंतरावांचं घर आणि बहिणीचं घर एकाच कुंपणात होतं. कुंपणावर गुडमारची वेल चढवली होती. अनंतरावांनी ती दाखवली, तेव्हा मुकुंदांनी सहज एक पान तोडून चघळलं आणि तोंड वाकडं केलं.

मागच्या पत्र्याच्या खोलीत प्रयोगशाळा होती. कारभारी काचेच्या नळ्या धूत उभा होता. फुलंब्रीकडचा, उंच, अंग चोरून वावरणारा.

"साखर उतरवायच्या गोळ्यांची भुकटी मीच पुडीत मिसळली, असं लोक बोलतात," तो वर न बघता म्हणाला. "पीएचडी पाहिजे म्हणून."

"मिसळली होती?"

"मिसळायची असती तर खऱ्या पुडीत मिसळली असती. खोट्या पुडीत मिसळून माझं काय भलं होणार? तसंही खऱ्या-खोट्यात काही फरकच पडंना झालाय."

"पुड्या रोज देत होतास?"

"नाही. पंधरवड्याच्या एकदम, डब्यात घालून. रोज हाताला येईल ती घ्यायची. आधी जिभेवर टाकायची, वर पाणी."

मनकर्णाबाईंची सून अनसूया हिनं चहा आणला. मुकुंदांनी एक घोट घेतला आणि अदबीनं म्हणाले, "साखर राहिली वाटतं."

"दोन चमचे घातलीय," अनसूया दुखावून म्हणाली. "आता चहातसुद्धा माझंच चुकलं का?"

अंबिकाबाईंनी आपला चहा पिऊन पाहिला. तो पाक झाला होता. त्यांनी मुकुंदांकडे एकदा बघितलं आणि कप खाली ठेवला.

"मनकर्णाबाईंना गोळ्या कोण देत होतं?"

"त्यांच्या त्याच घ्यायच्या. मी फक्त आणून द्यायचे. हल्ली लवकर संपत. म्हणायच्या, मोरीत सांडल्या."

"आणि तब्येत?"

"रात्री कितीदा तरी पाण्याला उठायच्या. पायाची जखम भरतच नव्हती. मी म्हणायचे, आई, आकडे एवढे चांगले येतात, मग जखम का वाळत नाही? तर म्हणायच्या, गप बस, अण्णाच्या कानावर घालू नको. सख्ख्या बहिणीला गुण नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"शेवटच्या दिवशी काय झालं?"

अनसूयेनं पदर तोंडाला लावला. "ऋषिपंचमी होती. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी त्यांना काही चालत नसे. धान्य नाही, साखर नाही. परसात लावलेली भाजी तेवढी, तीही घासभर खाल्ली. रात्री निजायच्या वेळी घाम फुटला, हात कापायला लागले. मी साखरपाणी केलं. म्हणाल्या, ऊस काय माणसांनी नांगर ओढून लावला? आणि भांडं बाजूला सारलं. उपासाची ग्लानी आहे म्हणाल्या, झोपल्या. आता गल्ली म्हणते, सुनेनं काहीतरी घातलं."

जाताना फाटकाशी सांडू भेटला. एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. तोही पुड्या घेणाऱ्यांतला.

"मनकर्णाआक्का लई खमकी बाई," तो म्हणाला. "चतुर्थीला सरांकडं समदे जेवाया होतो. आधी पुडी, मग जेवनाचं पान. मोदक तोंडात घातला तर निस्ती माती. म्हनलं, आक्का, गूळ घालायचा इसरल्या का काय? तर म्हनल्या, सांडू, डिझेल पिऊन पिऊन तुझी जीभ गेली, मोदक कसे गोड झालेत. अन् त्यांनी अजून एक घेतला."

"मग?"

"मग येकदम गप झाल्या. हळूच इचारलं, तुला रोज असंच होतं का रं? म्हनलं व्हय, पुडी घेतली की साखर बी रेती लागती. तसा त्यांनी हातातला मोदक पानात ठिवला."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबिकाबाईंनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं.

"अनंतराव, तुमच्या औषधानं त्या गेल्या नाहीत," त्यांनी आधी तेच सांगितलं. "त्यांच्या पोटात ते कधी गेलंच नाही."

"हे कशावरून?"

"मुकुंदानं काल वेलीचं पान चघळलं आणि त्याला गोड चहा बिनसाखरेचा लागला. गुडमार जिभेवर पडलं की काही वेळ गोडाची चव जाते. सांडूला म्हणूनच मोदक मातीसारखा लागला. मनकर्णाबाईंनीही त्याच वेळी पुडी घेतली होती, आणि त्यांना मोदक गोड लागला. कारभारी खरं बोलतोय. त्यांची पुडी खोटीच होती."

अनंतरावांनी डोळे मिटले. "मलाच सुचायला हवं होतं. मी उंदरांवर शिकलो, बाई. उंदीर मोदकाबद्दल बोलत नाहीत."

"पण मग साखर उतरली कशानं?" मुकुंदांनी विचारलं.

"गोळ्यांनी. पुडीत कोणी गोळ्या मिसळल्या असत्या तर त्यांची साखर रोज खाली राहिली असती. पण तहान होती, जखम भरत नव्हती. म्हणजे साखर रोज वाढलेलीच होती. खाली यायची ती फक्त चाचणीच्या सकाळी. कोणती पुडी कोणत्या दिवशी हाती येईल, हे कारभारीला ठरवता येत नव्हतं. अनसूयाबाईंना त्यांचा जीव घ्यायचा असता तर त्या साखरपाणी घेऊन उभ्या राहिल्या नसत्या. आणि गोळ्या मोरीत सांडल्या, ही थाप मनकर्णाबाईंनीच मारली होती."

अंबिकाबाई अनंतरावांकडे वळल्या.

"आपल्याला गुण येत नाही, हे त्यांना कळलं होतं. भावाचं औषध सख्ख्या बहिणीवर फुकट जातंय, याची त्यांना लाज वाटत होती. म्हणून चाचणीच्या आदल्या संध्याकाळी त्या जास्तीच्या गोळ्या घेत. चतुर्थीला सांडूचं ऐकून त्यांची खात्रीच पटली, की औषध सगळ्यांना लागतंय, आपल्यालाच लागत नाही. या खेपेला त्यांनी आणखी गोळ्या घेतल्या. आणि त्या दिवशी पोटात फक्त घासभर भाजी होती. घाम फुटला तेव्हा घोटभर साखरपाण्यानं निभावलं असतं. पण ऋषिपंचमी मोडायला त्या तयार नव्हत्या."

"निम्म्या पुड्या खोट्या असतात, हे मी सुरुवातीलाच तिला सांगायला बसलो होतो," अनंतराव म्हणाले. "म्हणाली, अण्णा, तू देशील ते घेते. मला नको तुझं शास्त्र."

कारभारी भिंतीला टेकून उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "सर, खोट्या पुडीवाल्यांत आत्यांचेच आकडे सगळ्यात चांगले होते. मोजकी तर माणसं. त्यांच्यामुळंच फरक दिसंना झाला होता."

"आणि ते काढले तर?"

"तर दिसतोय, सर. थोडाच, पण औषध लागू पडतंय."

मुकुंदांना त्याचा अर्थ जरा उशिरा लागला. भावाचं औषध खरं ठरावं म्हणून घेतलेल्या गोळ्यांनीच ते खोटं ठरत होतं. त्यांनी मान खाली घातली.

"मामा, राहू द्या ना आईंचे आकडे," अनसूया म्हणाली.

"राहू दिले तर औषध खोटं ठरतं, पोरी."

"आणि काढले तर?"

"काढले तर ती या कामात कधी नव्हतीच, असं होतं."

अंबिकाबाई उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

मागून अनंतरावांचा आवाज आला. "कारभारी, काढ."